पलंगावरून दिसणारी नदी

६ जानेवारी

ताईंना नमस्कार.

सुखरूप पोचलो. छोटी वाटेत अजिबात रडली नाही, पोट बिघडलं ते तिच्या आजीचं, म्हणजे माझंच. लेक सकाळी जी पुलाच्या कामावर जाते ती अंधार पडल्यावर उगवते. त्या जुन्या पुलाचे दगड सोडवून पुन्हा बसवायचे, हे दोन महिन्यांत व्हायचं नाही असं माझं मत आहे, पण मला कोण विचारतंय! तोवर मी, छोटी आणि ही हॉटेलची खोली.

हॉटेल कसं आहे ते कळवायला सांगितलं होतंत. मोठ्या नावाचं आहे, झालं. कंपनीने उतरवलंय म्हणून राहायचं. गादी इतकी मऊ की पाठ धरते. उशांचा ढीग असतो, नेमकी कुठली डोक्याखाली घ्यावी तेच कळत नाही. न्हाणीघर आपल्या स्वयंपाकघरापेक्षा मोठं, म्हणजे पुसणाऱ्याचे हालच. खिडकीबाहेर नदी आहे. पण नदी म्हणजे शेवटी पाणीच, आणि वारं दमट. काल एक झुरळही दिसलं.

खोली आवरायला एक बाई येते. दारावर बोटाच्या पेराने हळूच टकटक करते, म्हणून छोटीने तिचं नावच टकटक ठेवलंय. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही. आमचं सगळं हातवाऱ्यांवर चालतं.

आईंना खाटेवर एकट्या कशा वळवता? खालची चादर एका बाजूने धरायला ह्यांना बोलवत जा, संकोच करू नका. सकाळ थोरल्या सुनेची, संध्याकाळ धाकटीची, असं किती वर्षं चाललं होतं आपलं. आता माझी संध्याकाळही तुमच्याच गळ्यात पडली. चहाचा कप हातात घेतला की मला तुम्ही वाकलेल्या दिसता. मी इथे मजेत नाही एवढं लक्षात असू द्या.

तुमची,
धाकटी


१४ जानेवारी

धाकटीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. आईंच्या खाटेशी बसून मोठ्याने वाचलं. नदीपाशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, "रुंद किती आहे?" मी पुढे शोधलं, तर तू थेट झुरळावर गेलेली. पुढच्या पत्रात रुंदी लिही.

आणि झुरळाचं काय ते नीट कळव. एक की बरीच? एवढ्या बड्या हॉटेलात झुरळ म्हणजे काय? तुझ्या अंगावर तर लगेच गांधी उठतात. तू नेहमीसारखी गप्प बसशील आणि खाजवत राहशील, म्हणून विचारते.

भाऊजी चादर धरायला येतात. पण आईंना लाज वाटू नये म्हणून डोळे मिटून ओढतात. परवा त्यांनी मोठ्या ताकदीने लोड वळवला आणि आई होत्या तिथेच राहिल्या. आई पोट धरून हसल्या. पडल्यापासून त्यांना एवढं हसताना मी पाहिलं नव्हतं.

तू माझी काळजी करू नकोस. लेकीचं पत्र आलं, "छोटीला सांभाळायला दोघींपैकी कोणीही या," म्हणून, तेव्हा मला विचारायच्या आधीच तू माळ्यावरून बॅग काढून पलंगाखाली सरकवली होतीस. झाडताना माझा केरसुणीचा हात लागला तिला. म्हणून तर मी "तूच जा" म्हटलं. माणसाला जावंसं वाटतं, त्यात काय एवढं?

ताई


२२ जानेवारी

ताईंना नमस्कार.

बॅगेचं वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. उलट माझ्याबरोबर द्यायला डबे भरलेत.

तुम्हाला वाटत असेल, मी इथे राणीसारखी लोळत पडले असेन. तसं काही नाही हो. झुरळं एक नाही, बरीच आहेत. न्हाणीघरात दिवा लावला की पळापळ होते. नळाला गढूळ पाणी येतं. चादरींवर डाग असतात आणि त्या बदलतही नाहीत. गांधींनी हात भरलेत, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. टकटक येते, पण वरवर फडकं मारते आणि जाते. जेवण घशाखाली उतरत नाही. तुम्ही आला नाहीत तेच बरं झालं असं रोज म्हणते मी.

नदी रुंद आहे म्हणे. धुकं असतं, दिसत नाही.

छोटी मजेत. काल टकटकने तिला टॉवेलांचा हंस करून दिला, चोच, मान, सगळं. तो मोडायचा नाही म्हणून आंघोळीनंतर मी पदरानेच अंग पुसलं.

आईंच्या पाठीला लाली आली नाही ना? बघत जा. मी असते तर पावडर लावून संध्याकाळी थोडा वेळ उघडं ठेवलं असतं. मी असते तर, एवढंच लिहिता येतं आता.

धाकटी


२ फेब्रुवारी

धाकटीस आशीर्वाद.

आता तू निश्चिंत राहा. मी बघून घेतलंय.

तुझं पत्र वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. दूधवाल्यापासून पाणीखात्यापर्यंत आजवर कोणाची गय केली नाही मी, मग हे हॉटेल कोण लागून गेलं? रीतसर तक्रार लिहिली. झुरळं, गढूळ पाणी, डागाळलेल्या चादरी आणि खोली आवरणाऱ्या बाईचा हलगर्जीपणा, सगळं मुद्देसूद. समोरच्या टायपिंगवाल्याकडून इंग्रजी करून घेतलं. एक प्रत हॉटेलच्या मॅनेजरला, एक लेकीच्या कंपनीला. लेकीला आधी कळवलं नाही, ती भिडस्त, तुझ्यावरच गेलीय.

खरं सांगायचं तर तक्रार मी एकटीने नाही लिहिली. आई सांगत होत्या, मी उतरून घेत होते. मी "आमच्या घरातील एक महिला" असं सुरू केलं होतं. त्यांनी खोडायला लावलं. म्हणाल्या, "लिही, माझ्या सुनेला." तुझ्या हातचा चहा इतकी वर्षं प्यायल्या, एकदा बरा झालाय म्हणाल्या नाहीत, ते मला ठाऊक आहे. म्हणून मुद्दाम कळवते.

पाठीला लाली नाही. नदीचं धुकं सरलं का?

ताई


१२ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र आईंना वाचून दाखवू नका. आधी एकट्या वाचा.

परवा दारावर टकटक झालीच नाही. घंटी वाजली. दारात मॅनेजर, त्याच्यामागे फुलं घेतलेला एक, फळांची टोपली घेतलेला दुसरा. मॅनेजर कमरेत वाकून काहीतरी बोलला. लेक कामावर गेलेली, मी नुसती हसून मान हलवली. त्या लोकांनी आमचं सामान उचललं आणि आम्हाला सगळ्यात वरच्या मजल्यावर नेलं. इथे दोन खोल्या आहेत, भिंतभर काच आहे, गच्ची आहे. संध्याकाळी लेक आली ती लालबुंद होऊन. तेव्हा कळलं की तुमची तक्रार पोचली, कंपनीने हॉटेलला खडसावलं आणि हॉटेलने माफी म्हणून ही जागा दिली. आणि टकटकला कामावरून काढलं.

ताई, एकही झुरळ नव्हतं. इथे झुरळ सोडा, मुंगी दिसत नाही. चादरी रोज बदलतात, पाणी काचेसारखं आहे. माझ्या हाताला गांध नाही. टकटक छोटीच्या हाताला लागेल म्हणून टेबलाचे कोपरेसुद्धा कापडाने बांधून ठेवायची. "वरवर फडकं मारते" हे मी का लिहिलं? सगळं खोटं एकटं पडू नये, त्याला माणसाची जोड हवी, म्हणून लिहिलं असेन. तिचा चेहरा डोळ्यांसमोर असताना लिहिलं. ती तेव्हा खिडकी पुसत होती.

पहिलं झुरळ मी उगाच सोडलं. गादीवर पडले आणि इतकं बरं वाटलं, की तुम्ही आठवलात. तुम्हाला तिथे आईंचं अंथरूण बदलायला ठेवून मी इथे सुखात आहे, हे कुठल्या तोंडाने लिहायचं? तुम्हाला हेवा वाटू नये म्हणून लिहिलं असं मी मनाला सांगितलं. पण तुम्ही कधी कोणाचा हेवा केलात? मला स्वतःलाच बरं वाटायला हवं होतं. हालात आहे असं लिहिलं की हाल सोसल्यासारखं वाटायचं.

लेकीला सगळं सांगितलं. ती डोक्याला हात लावून बसली. म्हणाली, "आई, आता गप्प राहा. कंपनी माझ्यासाठी भांडलीय. खोटं होतं म्हणून सांगायचं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही." तिचंही खरं आहे.

मी सुखात राहू नये म्हणून खोटं बोलले आणि त्या खोट्याने मला आणखी सुखात आणून बसवलं. जिचं काम गेलं तिच्या जिवावर मिळालेली फळं टेबलावर आहेत. छोटी दाराकडे बोट दाखवून विचारते, "टकटक?"

तुमच्या पाया पडते, एक करा. नजरचुकीने दुसऱ्याच हॉटेलबद्दल लिहिलं गेलं, असं काहीतरी लिहून तक्रार मागे घ्या. तुमच्या लिहिण्याला वजन आहे. म्हणजे लेकीवरही येणार नाही.

धाकटी


२० फेब्रुवारी

धाकटीस,

मी असं काही लिहिणार नाही. खरं आहे असं समजून मी त्या कागदावर सही केली होती. आता तुझं खोटं झाकायला माझी सही मिळायची नाही. तक्रार मी केली, पण त्या बाईच्या पोटावर पाय दिला तो आपण दोघींनी मिळून. मी चौकशी न करता दिला, तू माहीत असून दिलास. टायपिंगवाल्याला मीच सांगितलं होतं, "बाईचा मुद्दा ठळक कर." ते आता मला सारखं आठवतं.

जा आणि तोंडाने सांग. लेकीला म्हणावं, थोरल्या काकूने सांगितलंय बरोबर जायला.

तुझा राग आलाय, पण तो बाईपुरता नाही. तुझं पत्र येण्याचा दिवस आला की आई सकाळपासून मला वेणी घालायला लावतात. पत्र वाचताना डोक्याखाली आणखी एक उशी मागतात. त्यांच्या खाटेवरून काय दिसतं ते तुला माहीत आहे, भिंत आणि भिंतीवरचं घड्याळ. त्यांना नदी हवी होती. मलाही हवी होती, विमानाला घाबरते म्हणून काय झालं? तू मजेत आहेस हे ऐकायला आम्ही दोघी कान टवकारून बसलो होतो. तू आम्हाला झुरळं पाठवलीस.

आईंना यातलं काही सांगितलेलं नाही.

ताई


१ मार्च

ताईंना नमस्कार.

सांगितलं. लेक आली बरोबर, दात-ओठ खात, पण आली. "थोरली काकू म्हणते" म्हटल्यावर तिला नाही म्हणता आलं नाही.

मॅनेजरसमोर बसून मी एकेक वाक्य बोलले आणि लेकीने ते त्याला सांगितलं. झुरळं नव्हती. पाणी स्वच्छ होतं. त्या बाईने काही चूक केली नाही, मी खोटं लिहिलं. मॅनेजर शांतपणे ऐकत होता. मग छातीवर हात ठेवून काहीतरी म्हणाला. लेक माझ्याकडे बघेचना. मी विचारलं, काय म्हणतो? म्हणाली, "म्हणतो, तुमचं मन फार मोठं आहे. एका गरीब बाईचं काम वाचवायला तुम्ही स्वतःवर आळ घेताय, असे पाहुणे आम्हाला क्वचित लाभतात."

मी पुन्हा सांगितलं. तो आणखी हसला. मी टेबलावर हात आपटला. त्याने माझ्यासाठी पाणी मागवलं. मी खोटं लिहिलं तेव्हा त्याने एका कागदावर विश्वास ठेवला, आणि समोर बसून खरं सांगते तर त्याला ते पटेना. शेवटी तो म्हणाला, तुमच्या शब्दाखातर तिला परत घेतो.

काल तिला घेऊनच आला तो. टकटक आणखी बारीक झालीय. तिला माझ्यापुढे उभं केलं, आणि ती कमरेत वाकून, दोन्ही हातांत माझे हात घेऊन माझे आभार मानायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी म्हणत होते, "अगं, चूक माझी होती गं, माझ्यामुळे गेलं तुझं काम." ती मान डोलावत होती, हसत होती. तिला वाटलं मी आशीर्वाद देतेय. लेकीला म्हटलं, तू तरी सांग तिला. लेकीने सांगितलं. टकटकने मॅनेजरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि परत वाकली. त्याने तिला आधीच सांगितलं असणार मी कशी थोर आहे ते. छोटी मात्र धावत जाऊन तिच्या पायांना बिलगली.

आम्ही आता परत खालच्या जुन्या खोलीत आलोय. मीच मागून घेतली. टकटक येते, पेराने हळूच दार वाजवते आणि मला पाहिलं की पुन्हा हात जोडते. रोज. ती जोडते तेव्हा कुठे बघावं मला कळत नाही.

आता पुढचं आईंना वाचा. सावकाश वाचा.

आई, मी पलंगावर आडवी पडून हे लिहितेय, म्हणजे तुम्हाला जसं दिसलं असतं तसं लिहिता येईल. पलंग खिडकीला लावलेला आहे. पडल्यावर अलीकडचा काठ दिसतच नाही, पाणी थेट गादीच्या कडेला सुरू होतं. रुंदी विचारली होतीत. पलीकडे कोणी उभं असेल तर बाई की पुरुष ते कळत नाही, छत्री उघडली तर छत्री कळते. इतकी रुंद.

होड्या खिडकीच्या डाव्या चौकटीतून येतात आणि उजवीतून जातात, मान वळवावी लागत नाही. वाळू भरलेली होडी इतकी खाली दबलेली असते की होडी दिसतच नाही, नुसता एक माणूस पाण्यावर बसून विडी ओढत चाललेला दिसतो. पलीकडे जुन्या शहराची तटबंदी आहे, तिच्यातून पिंपळासारखी झाडं वाढलीत. पायऱ्यांवर लोक कपडे आपटतात. हात आधी खाली येतो, आवाज मागाहून येतो. पूलही दिसतो, त्यावर लेकीचा पिवळा कोट असतो, ठिपक्याएवढा.

आणि सकाळी ऊन वर आलं की पाण्याचा उजेड छतावर पडतो. सगळं छत हलायला लागतं. उताणं पडून नुसतं वर बघायचं, आई. नदी वर येते.

गादी मऊ आहे. पाठ धरत नाही. मला इथे फार बरं वाटतं.

धाकटी


९ मार्च

धाकटीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र तू निघायच्या आत पोचेल असं टायपिंगवाला म्हणतो.

मॅनेजरचं वाचून हसावं की रडावं कळेना. ती बाई हात जोडते तेव्हा तूही जोड. दुसरं काय करणार आपण?

तू सांगितलंस तसं सावकाश वाचलं. आईंनी तिसरी उशी मागितली. होडीतल्या माणसापाशी डोळे मिटले, मला वाटलं झोपल्या. छत हलतं तिथे डोळे उघडून आपल्या छताकडे बघत राहिल्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "खोटं लिहिते."

मी म्हटलं, "नाही हो आई, खरं आहे."

म्हणाल्या, "तुला नाही कळत. पोर तिकडे हालात आहे. मला बरं वाटावं म्हणून रचून रचून लिहिते. आधी झुरळं, गढूळ पाणी, आणि आता म्हणे नदी छतावर येते."

मी शपथ घ्यायला निघाले. त्या म्हणाल्या, "मग झुरळांचं काय झालं?"

आता मी काय सांगायला हवं होतं? झुरळं नव्हतीच, तुमच्या धाकटीने आपल्या दोघींना बनवलं, असं सांगायचं? "माझ्या सुनेला" म्हणून ज्यांनी तक्रार सांगितली त्यांना? तुला माहीत आहे, मी उभ्या जन्मात घरात खोटं बोलले नाही, त्याचा मला ताठाही होता. तो गेला. मी म्हटलं, "झुरळं होती. आपल्या तक्रारीनंतर त्यांनी औषध मारलं. आता गेली."

त्यांचा चेहरा एवढा खुलला की काय सांगू. म्हणाल्या, "बघ, लिहिल्याचा उपयोग झाला. आता वाच परत, नदीपासून."

तेव्हापासून रोज वाचते. काल भाऊजींनी आरसा आणून खिडकीशी धरला, उजेड छतावर पडावा म्हणून. त्यांचा हात थरथरतो, त्यामुळे आपोआप हलतो तो उजेड.

तुझं खोटं आता मीही सांभाळतेय, आणि ते उतरवून ठेवायला जागा नाही. आल्यावर दोघींनी मिळून सांभाळू. माळ्यावर बॅग ठेवायला जागा करून ठेवली आहे. येशील त्या दिवसापासून संध्याकाळ तुझी.

ताई